तारेवरचा परकर

मालिनीचा वजनकाटा तिच्या पाठीवर होता. ब्राला हुकांच्या तीन ओळी असतात. बाहेरच्या ओळीत हुक बसला की बाई फुगलेली, मधल्या ओळीत बसला की बरी, आणि आतल्या ओळीत बसूनही पट्टा पाठीवर ढिला पडला की बाई खरंच उतरली. हे गणित तिचं तिनंच बसवलं होतं. जेल रोडच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितलं होतं, "वहिनी, साखर उंबरठ्यावर उभी आहे. दहा किलो उतरवा, नाहीतर आत येऊन बसेल." तेव्हापासून ती रोज सकाळी दसकच्या नदीपर्यंत चालत जाऊन येत होती. रात्रीचा भात बंद, चहातली साखर बंद. दसऱ्याला हुक आतल्या ओळीत गेले आणि दिवाळीच्या तोंडावर तिथंही पट्टा लोंबायला लागला.

तिला आनंद झाला. दोन मिनिटं टिकला.

कारण तिच्या थोरल्या बहिणीला, संपदाताईलाही, असाच आनंद झाला होता. नऊ वर्षांपूर्वी मावसभावाच्या लग्नात ताईनं मांडवात एक गिरकी घेऊन दाखवली होती, "बघ गं माले, ब्लाउज दोन्हीकडून आत घ्यावा लागला!" बायका तिला विचारत होत्या, काय खातेस, आम्हालाही सांग. चार महिन्यांनी तिच्या छातीतली गाठ सगळ्यांना कळली आणि पुढच्या लग्नसराईच्या आत ताई गेली. तेव्हापासून मालिनीला कुणी "बारीक झालीस" म्हटलं की ती घाईघाईनं विषय बदलायची.

डॉक्टरांकडे परत जाऊन विचारायला हवं होतं, की मी चालून उतरले की आणखी कशानं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. तिला नेमकं तेच नको होतं. म्हणून ती नाशिक रोड स्टेशनवरच्या लाल-हिरव्या दिव्यांच्या वजनाच्या यंत्रावर चढली. यंत्रानं अडुसष्ट किलो सांगितलं. चप्पल काढून परत चढली तर चौसष्ट. दोन किलोची एकेक चप्पल घालून आपण नदीपर्यंत जातो, हे काही तिला पटलं नाही. तिकिटाच्या मागं भविष्य छापलेलं होतं, 'अपनों से सावधान रहें।' ते मात्र तिनं पर्समध्ये नीट ठेवलं.

तिच्यासोबत चालायला यायची ती खालच्या मजल्यावरची ज्योत्स्ना. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला, मालिनीहून तीन-चार वर्षांनी लहान. नवरा दिनेश अंबडच्या कारखान्यात. ही ज्योत्स्ना मागच्या वर्षी सहा महिने मनमाडला आईचं दुखणं काढायला गेली होती, आणि परत आली ती बॉबकट करून, पंजाबी ड्रेस घालून. तोवर तिला साडीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. इमारतीतल्या आठही बिऱ्हाडांनी आपापल्या परीनं याचा अर्थ लावला. मालिनीनंही लावला होता. आईच्या उशाशी बसलेल्या बाईला केस कापायचं कसं सुचतं? पण चालायला सोबत बरी होती, पुलावर कुत्री होती, म्हणून संशय बाजूला ठेवून ती चालत होती.

दिवाळीआधी दोघी बिटको चौकाजवळच्या होजिअरीत गेल्या. तिथले शेठ बाईकडे कधीही बघायचे नाहीत. गल्ल्यावरच्या लक्ष्मीच्या फोटोकडे बघत विचारायचे, "साइज?"

"अडतीस," मालिनी पुटपुटली. आत्तापर्यंत चाळीस होती. एक घर खाली, असा तिचा हिशोब.

"मला चाळीस," ज्योत्स्ना म्हणाली, "तीन द्या."

"मलापण तीन."

"कलर?"

"पांढरा," दोघी एकदमच म्हणाल्या. काळी घेणारी बाई त्या दुकानात मालिनीनं अजून पाहिली नव्हती, आणि दिसली असती तर तिच्याबद्दल आठवडाभर विचार केला असता.

शेठनी स्टुलावर चढून खोके काढले, एकाच कंपनीच्या सहा ब्रा वर्तमानपत्रात वेगवेगळ्या गुंडाळल्या आणि लक्ष्मीला सांगितलं, "माल परत होत नाही." घालून बघायची सोय नव्हतीच. घरी आल्यावर मालिनीनं रिवाजाप्रमाणे पाठीला टोचणारी लेबलं कात्रीनं उडवली, तिन्ही धुतल्या आणि गच्चीवर नेल्या.

गच्चीवर वाळत घालायचीही एक रीत होती. आधी ब्रा तारेवर टाकायची, तिच्यावर परकर, परकराला दोन चिमटे. ऊन परकराला, वारा परकराला, ब्रा आपली पोटात दमट. शेजारच्या गच्चीवरून कुणी पाहिलं तर या इमारतीतल्या बायकांना फक्त परकर असतात असंच त्याला वाटावं. साडेचारला मालिनीची सासू आक्काबाई गुडघे धरत वर जायच्या आणि कपडे गोळा करायच्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, पण "एवढं तरी करू दे, नायतर मला कशाला ठिवलंय" हा हट्ट. परकर उचलायचा, आणि त्याच्या पोटात असेल ते त्याच्यासकट काखेत.

पहिली नवी ब्रा अंगाला अशी बसली, की मालिनी दिवसभर ताठ चालली. आठवड्यानं तिनं घडीतली वरची ब्रा काढली, घातली, आणि पाठीमागं हुक लावता लावता थिजली. सैल. आतल्या ओळीत, तरी सैल. पट्टे खांद्यावरून घसरत होते.

आठ दिवसांत? भात सोडून आणि नदीपर्यंत चालून आठ दिवसांत एवढी कुणी उतरत नाही.

तिनं दाराची कडी परत एकदा तपासली आणि आरशासमोर उभी राहिली. हात छातीपर्यंत नेला आणि तसाच खाली आणला. ताईला गाठ सापडली होती ती साबण लावताना. त्या दिवसापासून मालिनी साबण घाईघाईनं लावायची, विसळल्यासारखा.

"अहो," जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "मी फार उतरल्यासारखी दिसते का?"

गंगाधर एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात पाळीवर होते, बोलणं मोजकं. त्यांनी ताटावरून डोळे वर केले. बायको असं काही विचारते तेव्हा दोन्ही उत्तरं चुकीची असतात हे त्यांना पंचवीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. "साधारण," ते म्हणाले.

साधारण म्हणजे काय? हे काही लपवताहेत का? डॉक्टर एखादवेळी यांच्याशी वेगळं बोलले असतील. त्या रात्री मालिनीला आठवत राहिलं, की मागच्या आठवड्यात यांनी स्वतःहून पेरू आणले होते. स्वतःहून कधी काही आणतात का हे?

चार दिवसांनी तिनं दुसरी ब्रा घातली आणि ती घट्ट निघाली. म्हणजे होती तशीच, नीट. मालिनी पलंगावर बसली. बाई चार दिवसांत भरून येत नाही. म्हणजे शरीर खोटं बोलत नसेल तर शेठ खोटं बोलताहेत. एका खोक्यात वेगवेगळी मापं घालून खपवली असणार!

ती तणतणत दुकानात गेली. दुकानात दोन पुरुष बनियन घेत होते. मालिनी त्यांच्या जाण्याची वाट बघत रुमालांचा भाव विचारत राहिली. ते गेले, तर एक बापलेक आले. शेवटी ती गल्ल्याशी वाकून कुजबुजली, "ते मागं नेलं होतं ना... त्यातलं एक मोठं निघालं."

"काय मोठं निघालं?" शेठनी लक्ष्मीला खणखणीत आवाजात विचारलं.

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. मालिनी चार रुमाल घेऊन घरी आली.

मग तिनं अक्कल चालवली. धोबी करतो तशी खूण करायची. तीन ब्रा समोर ठेवल्या, तिन्हींच्या पट्ट्यावर हुकाशेजारी लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. आता बघू. हातात लेबल नाही, तर दोरा तरी.

दोन धुण्यांनंतर घडीतून बिनदोऱ्याची ब्रा निघाली.

मालिनीनं ती खिडकीपाशी उजेडात नेली. उसवलेल्या दोऱ्याची भोकंसुद्धा नव्हती. म्हणजे ही तिची नव्हतीच. तिची कुणीतरी नेली होती आणि ही ठेवली होती. गच्चीवर येणाऱ्या एकेका बाईला तिनं मनातल्या मनात समोर उभं केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सावित्रीबाई चोळी घालायच्या, त्या सुटल्या. दोघीजणी अंगानं काडीसारख्या, त्याही सुटल्या. उरली एकच, जिनं त्याच दुकानात, त्याच दिवशी, त्याच कंपनीच्या घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चालताना तिनं ज्योत्स्नाला तिरक्या नजरेनं न्याहाळलं. ज्योत्स्नानं ओढणी नेहमीसारखी दोन्ही खांद्यांवर पिना लावून घट्ट बसवली होती. डाव्या हाताची बाही सारखी खाली ओढत होती.

"बरं नाही का गं?"

"बरंय की. का?"

"नाही, सहजच. शनिवार-रविवार मनमाडला गेली होतीस म्हणे?"

"हो. आईकडे." ज्योत्स्ना रस्त्याकडे बघत म्हणाली.

"मी फोन केला होता शनिवारी तुझ्या आईला. कुरडयांचं विचारायला," मालिनी म्हणाली. फोन केलेला नव्हता.

ज्योत्स्नाची चाल एक पाऊल चुकली. "आई... बाहेर गेली असेल," ती म्हणाली, आणि पुलाकडे भराभर चालू लागली. अपनों से सावधान रहें. यंत्राला चपलांचं वजन कळत नसेल, पण माणसं कळत होती.

आणि मग तो गुरुवार आला. लाल दोऱ्याची ब्रा घडीत परत आलेली होती. मालिनीनं ती पलंगावर झटकली आणि तिच्यातून टपटप तीन मोहरीचे दाणे चादरीवर पडले.

तिनं ब्रा उलटी केली. डाव्या बाजूला आतून मऊ मलमलीचा एक खिसा शिवलेला होता. बारीक, एकसारखे टाके. कडेला बोटभर तोंड उघडं. खिशाच्या शिवणीत अजून एक दाणा अडकलेला.

"काय गं ते?" आक्काबाई दारात उभ्या होत्या. मोतीबिंदूच्या डोळ्याला नको ते बरोबर दिसायचं. त्या पुढं आल्या, दाणा बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि मागं सरकल्या. "मोहरी! बाई बाई बाई. माले, टाक ते. चुलीत टाक."

"अहो आत्याबाई, आपल्याकडे गॅस आहे."

"हसू नको. करणी हाय ही. आमच्या निफाडाला पुतळाबाईच्या उशीत अशीच निघली व्हती, लय दिवस अंथरुणाला खिळली. म्हणूनच तू वाळून चाललीस. मी म्हणतच व्हते, एवढं चालून कुणी वाळत नाय. बाजारात जाऊन येणाऱ्या बाया काय सगळ्या वाळल्या का?"

मालिनीचा करणीवर विश्वास नव्हता. पण डाव्याच बाजूला खिसा आहे हे तिनं पाहिलं होतं, आणि ताईची गाठही डावीकडेच होती. विश्वास नसलेल्या गोष्टीची भीती वाटायला काही हरकत नसते.

शनिवारी टेलिफोन ऑफिसला अर्धी सुट्टी. मालिनीनं सकाळीच परकर गच्चीवर वाळत घातला, त्याच्या पोटात काहीही ठेवलं नाही, आणि दीड वाजता वर जाऊन पाण्याच्या टाकीमागं उभी राहिली. ऊन पाठीवर, हातात ती खिसेवाली ब्रा वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई टाकीमागं लपलीय, हे कुणी पाहिलं असतं तर काय सांगितलं असतं, याचा ती विचार करत होती, एवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

ज्योत्स्ना आली. बादलीत दिनेशचे दोन शर्ट, स्वतःचे दोन ड्रेस, टॉवेल. तिनं ते तारेवर टाकले. मग इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या गच्चीकडे पाहिलं. ओढणीखालून एक पांढरी गुंडाळी काढली आणि झटकन मालिनीच्या परकराखाली सरकवली.

"ज्योत्स्ना!"

ज्योत्स्नाच्या हातातून बादली निसटली आणि गडगडत टाकीपर्यंत आली.

"काय चाललंय हे? माझ्या परकरात काय घालतेस?" मालिनीनं कागद फाडून ब्रा तिच्यापुढं धरली. "हे काय आहे? हा खिसा कसला? मोहरी कसली? करणी करतेस होय माझ्यावर?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तिला स्वतःलाच ऐकू आलं. ते आक्काबाईंच्या आवाजात होतं.

ज्योत्स्ना ब्राकडे बघत राहिली. मग लाल दोऱ्याकडे. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "ही तुमची आहे? मला वाटलं दोरा दुकानाचाच असेल."

"म्हणजे तू नेलीस!"

"नेली नाही हो वहिनी. माझीच म्हणून उचलली. मी रोज इथंच ठेवते, तुमच्या परकराखाली. आक्का यायच्या आत येऊन घेऊन जाते. ऑफिसमधून उशीर झाला की ती आक्कांबरोबर जाते, मग पुढच्या वेळी इथं असेल ती माझीच म्हणून घेते."

"माझ्या परकराखाली का पण?"

"मग कुणाच्या? मी ड्रेस घालते. माझ्याकडे परकर कुठाय?"

मालिनीनं तारेवरच्या ड्रेसांकडे पाहिलं. या प्रश्नावर तिनं कुठल्याच बाजूनं विचार केलेला नव्हता.

"आणि मोहरी?" तिनं विचारलं, पण आवाजातला फौजदार निघून गेला होता.

ज्योत्स्नानं जिन्याकडे एकदा पाहिलं, मग तिनं मालिनीचा हात धरला आणि ओढणीखालून स्वतःच्या डाव्या छातीवर ठेवला. "दाबा."

"अगं..."

"दाबा हो. मला काही होत नाही."

मालिनीच्या बोटांखाली करकर वाजलं. मोहरी. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवतात तशी, मऊ कापडात भरलेली मोहरीची उशी. मालिनीनं आपल्या दोन्ही मुलांसाठी शिवली होती. बोटांना ती लगेच ओळखू आली. उशीच्या खाली काहीच नव्हतं, नुसत्या फासळ्या.

"मागच्या वर्षी," ज्योत्स्ना म्हणाली. "मनमाडला नव्हते. मुंबईला होते. केस कापले नाहीत, गेले होते. साडी सोडली, कारण ब्लाउजला टेलरकडे माप द्यावं लागतं. दिनेशनं मोहरी सुचवली. कापूस हलका पडतो, एका बाजूनं वर चढतो. आधी नुसतीच ठेवायचे, पण मागच्या आठवड्यात साहेबांपुढं फाइल उचलताना उशी पार खांद्यापाशी आली. म्हणून खिसे शिवायला घेतले. पहिलाच शिवला, तो नेमका तुमच्या..."

तिला हसू आलं आणि अर्ध्यातच मोडलं. मालिनी टाकीच्या कट्ट्यावर बसली. आपण रोज पाच किलोमीटर जिच्यासोबत चाललो, तिला आपण काय काय ठरवलं होतं, त्याची यादी तिच्या डोळ्यांपुढून गेली. यादी लांब होती.

"फोन केला नव्हता मी तुझ्या आईला," ती म्हणाली.

"माहीतेय. आई कुरडया करतच नाही."

"मग त्या शनिवारी कुठं होतीस?"

"मुंबईलाच. पंधरा दिवस झाले, मधूनच पट्टा घट्ट लागायला लागला होता, काचायचा. मला वाटलं, सूज आली. परत सुरू झालं. दिनेशला न सांगता रडले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, बाई, काहीच नाही, तुम्हाला भास होतोय. भास कसा? मला काचत होतं ना!"

मालिनी तिच्याकडे बघत राहिली. "घट्ट व्हायची. कधी घट्ट, कधी बरोबर?"

"हो."

"आणि माझी कधी सैल, कधी बरोबर."

पारव्यांचं एक जोडपं टाकीवर येऊन बसलं, त्यांनाही काही कळायला दोन क्षण लागले असावेत. मग ज्योत्स्नानं तोंडावर ओढणी दाबली. मालिनीनं पदर दाबला. एकीच्या चाळिशीनं दुसरीला मारायला काढलं होतं, आणि दुसरीच्या अडतिशीनं पहिलीला मुंबईची वारी घडवली होती. दोघी हसताहेत की रडताहेत हे खालून पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं. परकरामुळे दिसतही नव्हत्या.

"पण वहिनी," ज्योत्स्नानं डोळे पुसले, "ब्रा बदलली म्हणून सैल झाली हे कळलं. तुम्ही घाबरलात मात्र आधीपासून. संपदाताईंमुळे ना? चालताना तुम्हीच सांगितलं होतंत. मग तुम्ही हात लावून पाहिलंत का कधी?"

मालिनी परकराच्या चिमट्याशी चाळा करत राहिली.

"नाही पाहिलंत."

"सापडलं तर?"

"मला सापडलं म्हणून मी इथं उभी आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "सोमवारी चालायला जायचं नाही. सोमवारी मी रजा टाकते, आपण दोघी दवाखान्यात जायचं. आणि आत्ता खाली चला. मला त्या मुंबईच्या बाईंनी माप घ्यायला शिकवलंय. तुमचं अडतीसही चूक असणार, बघा."

चूकच होतं. ज्योत्स्नाच्या स्वयंपाकघरात, दाराला कडी घालून, शिलाईच्या टेपनं आधी छातीखाली आणि मग छातीवरून माप घेतलं तेव्हा मालिनीचं माप छत्तीस निघालं, वरची वाटी मात्र दोन घरं मोठी. "आयुष्यभर एवढी चाळीस घालत होते, ते काय मग?" मालिनीनं संशयानं टेपकडे पाहिलं. टेप उलटी तर धरली नाही ना, हेही तपासलं.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढायला लावले, आणि गुरुवारी सांगितलं, काही नाही. काट्यावर उभं केलं, नऊ किलो उतरले होते. "चालण्यानं," त्या म्हणाल्या. मालिनीनं तीनदा विचारलं, "चालण्यानंच ना?" तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या. वर्षातून एकदा यायचं, असं कागदावर लिहून दिलं. तो कागद यंत्राच्या तिकिटाशेजारी पर्समध्ये गेला. मालिनीनं तिकीट काढून फेकून दिलं आणि थोड्या वेळानं परत उचललं. बाहेर बाकावर ज्योत्स्ना बसली होती, तिच्या ओढणीत एक पिन जास्त होती आणि तिनं ती मालिनीच्या पदराला लावून दिली.

घरी आक्काबाई मिरच्या-मीठ घेऊन वाटच बघत होत्या. "काय म्हणाली डाक्टरीण?"

"काही नाही म्हणाली. चांगली आहे मी."

"आन् मोहरी?"

मालिनीनं चप्पल काढली. हे गुपित तिचं नव्हतं. "करणी नव्हती हो, आत्याबाई. कुणीतरी माझी दृष्ट काढली होती."

"कुणी?"

"आहे एक."

आक्काबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पटलं नव्हतं, पण मिरच्या परत डब्यात गेल्या.

त्या संध्याकाळी मालिनीनं ट्रंकेतून आपला एक जुना परकर काढला, गेल्या वर्षीच्या दिवाळीचा, आता तिला दोनदा गुंडाळावा लागेल एवढा. निळ्या दोऱ्यानं काठाला मोठी खूण केली आणि खाली ज्योत्स्नाकडे देऊन आली.

दुसऱ्या दिवशी साडेचारला आक्काबाई गच्चीवरून खाली आल्या त्या कपडे काखेत धरून, दम न घेता थेट स्वयंपाकघरात.

"माले," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती खालची ज्योत्स्ना ड्रेस घालती ना?"

"हो. का?"

"मग तिच्या तारेवर परकर कुणाचा?"